सायकलस्वार आणि रस्त्यावरची माणसे

रस्ता वापरणाऱ्यांचे आपण मनातल्या मनात दोन भाग पाडलेले असतात. एक पायी चालणारे आणि दुसरे गाडीने जाणारे. सायकलस्वार या दोन्ही भागांत नीट बसत नाही. पायी चालणाऱ्याला तो गाडीवाला वाटतो, म्हणून तो त्याच्यावर रागावतो. गाडीवाल्याला तो पायी चालणाराच वाटतो, म्हणून त्याने डांबरावरून खाली उतरावे अशी त्याची अपेक्षा असते. कायद्याचेही काहीसे तसेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येत सायकल येत नाही. तिला परवाना नको, नंबर नको, विमा नको. आमच्या आजोबांच्या पिढीत अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेले तर पोलीस अडवीत आणि चाकातील हवा सोडून देत, असे जुनी माणसे हसत हसत सांगतात. त्या जाचाचे मला कौतुक नाही. पण एक खरे की त्या काळी सायकलस्वार सरकारला दिसत होता. आज तो फारसा कोणालाच दिसत नाही, आणि रस्त्यावर त्याच्या ज्या चमत्कारिक गाठीभेटी होतात त्यांपैकी बहुतेक या न दिसण्यातून होतात, असे माझे मत झाले आहे.

मत बनविण्याचा अधिकार मला थोडासा आहे. मी लांडेवाडीकडच्या एका वस्तीवरून मंचरला कॉलेजला सायकलने येते. जाताना सुमारे सात किलोमीटर, येताना तेवढेच. आजोळ ओतूरजवळ असल्याने सुट्टीत जुन्नर तालुक्यातले रस्तेही पायाखालचे, म्हणजे चाकाखालचे झाले आहेत. सायकल हाती आली ती एस.टी.च्या संपात. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. तेव्हा मी दहावीत होते. टाळेबंदीनंतर शाळा नुकत्याच उघडलेल्या, आणि शाळेत जायला गाडी नाही. तेव्हा कितीतरी घरांच्या गोठ्यांतून, पडव्यांतून गंजलेल्या सायकली बाहेर निघाल्या. आमच्याकडे वडिलांची मधल्या दांडीची काळी सायकल निघाली. तीच अजून चालू आहे.

आता गाठीभेटींकडे वळते. प्रथम पादचारी. दोन बायका बोलत बोलत रस्त्याने चालल्या आहेत आणि मागून तुम्ही घंटी वाजवली, तर काय होते? दोघी थांबतात. एक डावीकडे होते, दुसरी उजवीकडे. मध्ये छान वाट मोकळी झाली म्हणून तुम्ही पायडल मारता, आणि नेमक्या त्याच क्षणी एकटी पडलेली बाई मैत्रिणीकडे धाव घेते. ही गोष्ट माझ्या बाबतीत इतक्या वेळा घडली आहे की तिला योगायोग म्हणणे कठीण आहे. एकटा माणूस असला तर तो आधी एका बाजूला सरकतो, मग दुसऱ्या, आणि शेवटी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मागे वळून पाहतो. वर "घंटी वाजवती तर थांब ना जरा!" हेही ऐकावे लागते. घंटी ही थांबण्याची खूण की येण्याची, यावर आमच्या रस्त्याचे अजून एकमत झालेले नाही.

याचे कारण माणसाच्या वेंधळेपणात नाही, कानात आहे. शास्त्र शाखेतील एका मैत्रिणीने मला ते समजावून दिले. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. उजवीकडचे उलट. या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. परंतु आवाज बरोबर पाठीमागून आला तर तो दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखाच पोचतो. म्हणजे मागे काहीतरी आहे एवढे कळते. ते कोणत्या बाजूने पुढे जाणार हे कळायला मार्गच नसतो. मोटारीचे इंजिन जवळ येताना सारखे वाजत राहते, त्यामुळे ती कोणीकडे सरकते आहे याचा अंदाज बांधता येतो. सायकल मात्र मुकी येते, एकदा टिणटिण करते आणि पुन्हा मुकी होते. त्या एका टिणटिणीवरून माणसाने डावे-उजवे ठरवायचे! म्हणून मी घंटी लांबूनच वाजवते आणि जवळ आल्यावर तोंडाने सांगते : "काकू, उजवीकडून जाते हं." यात दुहेरी फायदा आहे. बाजू कळते, आणि काकू म्हटल्यावर पुढचे बोलणे सौम्य होते. "कुनाची गं तू?" असा प्रश्न मागून येतो, पण त्याचे उत्तर द्यायला थांबले तर पहिला तास बुडतो.

डाव्या-उजव्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते. आपल्याला लहानपणापासून 'डावीकडून चाला' एवढेच शिकविलेले असते. ते वाहनांना आणि सायकलींना बरोबर आहे. पण जेथे पदपथ नाही तेथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे, अशी वाहतूक-सुरक्षेची शिकवण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार आणि ताशी १५ किलोमीटरने चाललेली सायकल एकाच दिशेने जात असतील, तर त्यांच्यातील अंतर ताशी ४५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. रात्री मोटारीच्या खाली टाकलेल्या प्रकाशझोतात साधारण ५० मीटरवरची वस्तू दिसते असे धरले, तर चालकाला ४ सेकंद मिळतात. सायकल उलट्या बाजूने त्याच्यासमोर येत असेल तर अंतर सेकंदाला जवळजवळ २१ मीटरने कमी होते आणि हाती उरतात जेमतेम अडीच सेकंद. त्यांतला एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर पडेपर्यंतच जातो. म्हणजे 'समोरची गाडी दिसते तरी' म्हणून उलट्या बाजूने सायकल हाकणारे आपले मित्र आपलाच अर्धा वेळ घालवीत असतात. पायी माणसाचा वेग इतका कमी, की दिशा बदलल्याने त्याच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. उलट गाडी दिसली की तो एका पावलात खाली उतरू शकतो. सायकल अशी एका पावलात उतरत नाही. साइडपट्टी खचलेली असेल तर डांबराच्या कडेवरून खाली गेलेले चाक पुन्हा वर घेताना सायकल आडवी होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या गुडघ्यांना ठाऊक आहे.

अंधार पडल्यावर पादचाऱ्यांशी होणाऱ्या गाठी आणखी निराळ्या. आपला भाग बिबट्यांचा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. २००१ पासूनच्या दोन-तीन वर्षांत येथे माणसांवरचे हल्ले एकदम वाढले, आणि तेव्हापासून बिबट्या हा आपल्या संध्याकाळच्या बोलण्यातला कायमचा विषय झाला आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, पण मोकळे बिबटे उसातच असतात, तेथेच पिले वाढवतात. अशा उसामधल्या वाटेने संध्याकाळी चाललेला माणूस अगोदरच कानोसा घेत असतो. हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने लावलेला अभंग. त्यात मागून अगदी आवाज न करता सायकल येते. तिच्या वंगण नसलेल्या साखळीची किंवा वाळल्या पाचटावरून जाणाऱ्या टायरची सळसळ तेवढी ऐकू येते. एका आजोबांनी अशा वेळी मागे न पाहताच काठी फिरवली होती. ती माझ्या हँडलच्या टोपलीवर बसली, नाहीतर हा लेख लिहिणे लांबले असते. नंतर ते बिचारे पाचदहा मिनिटे रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि म्हणाले, "पोरी, गानं म्हनत येत जा गं." तेव्हापासून अंधारात मी गाते. माझ्या गाण्याने बिबट्या दूर राहतो की नाही ते सांगता येत नाही, पण माणसे बाजूला होतात.

आता गाडीवाले. त्यांची भाषा हॉर्नची. मालमोटारींच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने बंद केले, पण हॉर्न काही बंद झाला नाही. सायकलवाल्याला तो नीट ऐकायला शिकावे लागते. लांबून एकदाच वाजलेला छोटा हॉर्न म्हणजे 'मी येतो आहे, तुम्ही आहात तसेच चला.' पाठोपाठ दोनदा वाजला तर 'समोरूनही कोणी येत आहे, कडेला धरा.' आणि जवळ येऊन दाबून धरलेला हॉर्न म्हणजे 'खाली उतर.' पहिले दोन हॉर्न वाजवणारे बहुतेक जुने चालक असतात. मुक्कामाची एस.टी. घेऊन येणारे एक चालक-काका तर बोगीसारखी सरळ रेषेत सायकल चालवणाऱ्या आम्हा मुलींना हात बाहेर काढून 'शाबास' अशी खूण करून जातात. तिसरा हॉर्न हा विशेषतः मुंबईच्या बाजाराची वेळ गाठायला निघालेल्या पिकअपचा. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला आणि कांद्याच्या हंगामात ओतूर-आळेफाटा रस्त्याला तो सारखा ऐकू येतो. चालकाच्या मागे भाव पडण्याची भीती बसलेली असते. ती भीती घरची असल्याने मला समजते. माझे वडीलही त्याच पिकअपमध्ये क्रेट चढवतात. तरीपण चाकाजवळ वाजलेला हॉर्न ऐकून हात हलतो आणि सायकल वेडीवाकडी जाते, हे त्या चालकाला कोणी सांगत नाही. ज्या धोक्यातून वाचवण्यासाठी तो हॉर्न मारतो तोच धोका तो हॉर्न निर्माण करतो.

सर्वांत जास्त शिकण्यासारखी गाठ उसाच्या ट्रॅक्टरशी पडते. गळीत हंगाम सुरू झाला, की पारगावचा भीमाशंकर कारखाना आणि जुन्नरकडचा विघ्नहर कारखाना यांच्या वाटांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायरगाड्या रात्रंदिवस असतात. शाळकरी मुलांना त्यांच्या मागे सायकल घालून ऊस ओढण्याचा भारी नाद. एकदा मंचरजवळ चहाच्या टपरीवर एका ट्रॅक्टरचालकाने मला स्वतः होऊन सांगितले. ते बीडकडचे होते. "ताई, आरशात तुमी मला दिसतच न्हाई. मागं ऊस, बाजूला ऊस. डाव्या अंगाला कधी शिरू नका." मग त्यांनी टेबलावर काडेपेटी आणि दोन बिस्किटे मांडून दाखवले. ट्रॅक्टर वळला की पहिल्या ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला कापतात. दुसरी ट्रॉली त्याहून आत कापते. म्हणजे ट्रॅक्टर गेला तेव्हा जी जागा मोकळी आणि सुरक्षित वाटली, तीच जागा शेवटच्या ट्रॉलीखाली येते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि कठड्याच्या मध्ये सापडलेल्या सायकलवाल्याला पळायला वाव राहत नाही. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या वळणाची झीज मी दोन वर्षे वाचते आहे, पण रस्त्याच्या वळणाचे हे शास्त्र मला काडेपेटीने शिकवले. रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम दर हंगामात होते. उसाची वाढे लोंबकळून त्या पट्ट्या झाकून टाकतात, ही आणखी एक अडचण.

श्रावणात आणि पावसाळ्याच्या सुट्ट्यांत घोडेगाव-डिंभे मार्गाने भीमाशंकरला जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. चतुर्थीला ओझर-लेण्याद्रीकडे तसेच. त्यांच्यामुळे दोन प्रकारच्या भेटी होतात. एक म्हणजे पत्ता विचारणारे. चालत्या गाडीची काच खाली करून, सायकलच्या बरोबरीने गाडी चालवत ते विचारतात, आणि आपणही वेडे, चालत्या सायकलवरून हात सोडून दाखवतो. दुसरी भेट शहरातल्या सायकलस्वारांची. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चकचकीत पोपटी कपडे, मागे लुकलुकणारा दिवा. त्यांतल्या एका गृहस्थांनी चढावर माझ्याजवळ येऊन मोठ्या आपुलकीने विचारले, "रोज किती किलोमीटर करतेस?" मी म्हटले, "चौदा." "व्वा! कशासाठी तयारी चालली आहे?" मी म्हटले, "बी.ए.साठी." ते खूप हसले, आणि त्यांच्या सायकलची किंमत विचारल्यावर त्यांनी तीही सांगितली. घरी सांगितली तेव्हा वडील म्हणाले, "तेवढ्यात गोठ्यात दोन म्हशी आल्या असत्या." पण त्या गृहस्थांकडून एक धडा घेण्यासारखा होता. गाड्या त्यांना लांबून वळसा घालून जात होत्या. त्याच रस्त्यावर मागे गवताचा भारा बांधून चाललेल्या शेतकऱ्याला त्याच गाड्या कोपर घासून जातात. फरक पोपटी रंगाचा आणि दिव्याचा. मी शंभर-दीडशे रुपयांत मागचा लाल परावर्तक आणि एक छोटा दिवा बसवून घेतला. गवताच्या भाऱ्यावर जुन्या पिवळ्या पिशवीचा तुकडा बांधला तरी काम होते.

दिसण्याचा प्रश्न केवळ रंगाचा मात्र नाही. माणसाला बहुधा तेच दिसते, जे दिसण्याची त्याला अपेक्षा असते. संपाच्या त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या रस्त्यावर सकाळी सायकलींची रांग असे, आणि मला आठवते त्याप्रमाणे गाडीवाले वळणावर आपोआप वेग कमी करीत. संप मिटला, मुले बसमध्ये आणि मोटारसायकलींवर गेली. आता मी एकटी वळणावरून पुढे आले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. पीटर जेकबसन या अभ्यासकाने २००३ मध्ये निरनिराळ्या देशांतील आणि शहरांतील आकडे तपासून हेच दाखविले, की जेथे चालणारे आणि सायकलवाले अधिक, तेथे त्यांतील प्रत्येकाला अपघात होण्याची शक्यता कमी होते. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. मंचर-नारायणगावला बाह्यवळण रस्ते झाल्यापासून गावातली जड वाहतूक हलकी झाली हे खरे, पण त्या रुंद रस्त्यावर वाड्यावस्त्यांचे फाटे येऊन मिळतात, आणि तेथे ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मोटारीला आपण फक्त एक ठिपका असतो.

एका प्रकारच्या गाठीभेटीविषयी मुलींना सांगायला नको, पण मुलांना आणि सरांना सांगितले पाहिजे. मोटारसायकलवाला मागून येतो, पुढे जात नाही, वेग कमी करून बरोबरीने चालवत राहतो. काही बोलतो, किंवा नुसता हसतो. येथे घंटीचा उपयोग नाही आणि गाण्याचा तर नाहीच. आम्ही मुलींनी आपापसात ठरवलेला उपाय असा, की पुढचे दूध संकलन केंद्र, गिरण किंवा किराणा दुकान येईपर्यंत गप्प राहायचे आणि तेथे उतरून सरळ पाणी मागायचे. संध्याकाळी दूध घालायला माणसे असतातच. आजवर तेथे मला पाणी नाकारले गेलेले नाही, आणि एका गवळीकाकांनी तर काही न विचारता आपली कॅन लावलेली गाडी वस्तीपर्यंत माझ्या मागे आणली. पण आमच्या वस्तीवरच्या दोघी बारावीनंतर घरी बसल्या. दोघींना माझ्यापेक्षा अधिक गुण होते. कारण विचारले तर दोन्ही घरांतून एकच शब्द आला : "रस्ता." रस्ता म्हणजे डांबर नव्हे, रस्त्यावरची माणसे.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवण्याचा उद्योग केला. हजारो बायका सायकलवर आल्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या बाया. सुरुवातीला त्यांना रस्त्यावर टोमणे ऐकावे लागले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले आहे. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. दोन्ही ठिकाणी मला महत्त्वाचे वाटते ते हे, की सायकल एकेका धीट मुलीला मिळाली नाही, एकदम पुष्कळजणींना मिळाली. जेकबसनच्या आकड्यांतून निघते तेच येथेही लागू पडते. एकटी सायकलवाली ही बघण्याची वस्तू असते. वीसजणी असल्या की ती वाहतूक होते.

या वर्षी आमच्या बाजूने आम्ही पाचजणी एकत्र निघतो. त्यांतल्या दोघींनी दिवाळीनंतर सायकली घेतल्या, एक जुनी आणि एक हप्त्याने. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सात किलोमीटरला, चढ आणि चिखल धरून, आम्हाला पाऊण तास लागतो. कॉलेजचा शेवटचा तास सव्वापाचला सुटतो आणि सायकल काढून फाटक ओलांडेपर्यंत साडेपाच होतात. म्हणजे शेवटचा पाव तास उसातून आणि अंधारातून. तोच तास नोव्हेंबर ते जानेवारी एवढे तीन महिने अर्धा तास आधी घेता आला तर आम्ही उजेडात घरी पोचू, आणि त्या दोघींच्या घरी जाऊन मला काही सांगता येईल. या अर्जावर आतापर्यंत तेवीस सह्या झाल्या आहेत. त्यांत नऊ मुलांच्या आहेत. अर्ज ग्रंथालयाच्या बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.